कोवळ्या उन्हाचे वकील

नवजात बाळाची कावीळ हा आजार नसून डॉक्टरांचा धंदा आहे, असा निकाल एका विद्वान गृहस्थांनी नुकताच दिला. युक्तिवाद सुटसुटीत आहे. बाळं पूर्वीही पिवळी पडत, आजी त्यांना कोवळ्या उन्हात घेऊन बसे, आठवड्यात सगळं ठीक होई. आता निळ्या दिव्याखाली ठेवून बिल फाडतात.

यातला पहिला भाग निम्मा खरा आहे, म्हणूनच घातक. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साधारण साठ बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते आणि बहुतेकांची आपोआप उतरते. जन्मानंतर जादा तांबड्या पेशी फुटतात, त्यातून बिलिरुबिन तयार होतं आणि त्याचा निचरा करायला यकृत अजून सरावलेलं नसतं. पण काही बाळांत ते इतकं वाढतं की मेंदूत शिरतं. मग बहिरेपण, हातापायांवरचा ताबा जाणं, कधी मृत्यू. आपलं बाळ कोणत्या गटातलं, हे नुसतं बघून कळत नाही. सावळ्या कातडीवर तर नाहीच नाही.

आता ऊन. गृहस्थांना ठाऊक नसावं, पण त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा इंग्लंडात आहे. 1956 साली एसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाचं अंग उजळलेलं, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोण पिवळाच राहिलेला डॉक्टरांना दिसला. झालं, ऊन जिंकलं! पण ती मंडळी आरती ओवाळत बसली नाहीत. उन्हातलं नेमकं काय काम करतं हे त्यांनी शोधलं आणि 1958 मध्ये दिव्यांचा प्रयोग छापला. निळा प्रकाश बिलिरुबिनचं रूप बदलतो, मग ते यकृताची वाट न बघता शरीराबाहेर पडतं. म्हणजे गृहस्थ ज्या दिव्याला शिव्या घालतात, तो उन्हाचाच निवडून-पाखडून घेतलेला भाग आहे. उन्हातला बाकीचा ऐवज कातडी भाजतो आणि अंग तापवतो. शिवाय दिव्याखाली बाळ डोळ्यांवर पट्टी आणि लंगोट एवढ्यावर तासन्‌तास असतं. आपल्याकडे उन्हात कसं असतं? टोपडं, झबलं, मोजे, वर दुपटं, तेही खिडकीआड दहा मिनिटं. ऊन नाकाच्या शेंड्याला! नायजेरियात उन्हाने उपचार झाले खरे, पण खास फिल्मच्या मांडवाखाली, तासागणिक देखरेखीत. तो मांडव गृहस्थांच्या गच्चीत असल्यास त्यांनी जरूर कळवावं.

मागे याच पंथाशी बाळंतिणीच्या हळदीवरून वाजलं होतं. आईने हळद खाल्ली म्हणून बाळ पिवळं पडतं म्हणे. मग पालक खाल्ल्यावर काय होतं, हे विचारल्यावर वाद संपला. कावीळ उतरवते म्हणून घालतात ती माळ मात्र अजून गळ्यागळ्यांत लांबते आहे.

बिलाचं म्हणाल, तर विनाकारण दिव्याखाली ठेवणारेही आहेत. पण 2022 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी दिवा सुरू करण्याची मर्यादा वर नेली, म्हणजे उपचार कमीच केले. धंदा असा करतात?

मग करायचं काय? आईचा रक्तगट निगेटिव्ह किंवा ‘ओ’ असेल तर बाळाचा तपासून घ्यावा. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला तर थेट दवाखाना. कावीळ शिगेला पोचते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, तोवर मायलेकरं घरी आलेली असतात. म्हणून त्या दिवसांत बाळ पुन्हा दाखवावं. बिलिरुबिनचा आकडा विचारावा आणि तो बाळाच्या वयाच्या तासांशी ताडून मगच दिवा. दिवसातून आठ-बारा वेळा अंगावर पाजावं, ग्लुकोजचं पाणी नको. ट्रंकेतल्या जुन्या झबल्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास असेल तर ती बाळाला घालू नयेत. काही बाळांच्या रक्तपेशी त्यानेच फुटतात. आणि दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, शी पांढुरकी आणि लघवी गडद झाली, तर पित्ताचा मार्ग बंद असू शकतो. त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालेलं बरं. त्या बाळाला ऊन दाखवत बसणं म्हणजे हातातले दिवस घालवणं.