शुश्रूषेचा हक्क आणि शुश्रूषेचे श्रम

आपल्या शहरांत ‘नर्सिंग होम’ म्हटले की डॉक्टरांचे लहानसे खाजगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह डोळ्यांसमोर येते. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी कायद्यातही आजारी, जखमी वा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणारी जागा अशीच व्याख्या असून प्रसूतिगृहाचा तीत समावेश आहे. युरोप-अमेरिकेत मात्र हा शब्द प्रामुख्याने वेगळ्याच निवासासाठी वापरला जातो. ज्याचा आजार आता बरा होणार नाही, पण ज्याला उरलेली वर्षे दुसऱ्याच्या हातांच्या आधाराने काढायची आहेत, अशा माणसाचे ते घर असते. अशा माणसाला आपल्याकडे रुग्णालय ठेवून घेत नाही, आणि पुष्कळ वृद्धाश्रम प्रवेश देतानाच ‘स्वतःचे स्वतः करता आले पाहिजे’ अशी अट घालतात. ज्याला शुश्रूषेची सर्वांत जास्त गरज, त्याच्यासाठीच दार बंद, असा हा प्रकार आहे.

या माणसाला नेमके काय लागते? सर्वप्रथम रोजच्या जगण्याची मदत : आंघोळ, कपडे, जेवण भरवणे, शौचाला नेणे. दुसरी गोष्ट परिचर्येची : वेळेवर औषधे, इन्शुलिन, नाकातल्या नळीतून अन्न, लघवीच्या नळीची निगा, जखमांची मलमपट्टी. तिसरी, पक्षाघातानंतर हातपाय पुन्हा हलते करणारा व्यायाम. चौथी, स्मृतिभ्रंश झालेल्यांची अहोरात्र राखण. पाचवी, अखेरच्या दिवसांत वेदना कमी करणारे उपशामक उपचार. आणि या सर्वांइतकीच आवश्यक, पण कोणत्याही दरपत्रकात न मावणारी गोष्ट म्हणजे माणसांची सोबत. खाजगी ‘केअर सेंटर’च्या माहितीपत्रकात यांपैकी बहुतेक सेवांची यादी सुबक छापलेली असते. परंतु यादी म्हणजे सेवा नव्हे. सेवा हातांनी होते, आणि ते हात किती व कोणाचे, हे माहितीपत्रक सांगत नाही.

एक साधा हिशेब करून पाहू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. बारा तासांच्या रात्रपाळीत हे सहा वेळा करावे लागेल. एका मावशीकडे असे वीस रुग्ण सोपवले, तर एकशेवीस वेळा कूस बदलणे आले. प्रत्येक वेळेला पाच मिनिटे धरली, तरी त्यातच दहा तास गेले. उरलेल्या दोन तासांत तिने वीस जणांना पाणी द्यायचे, कपडे बदलायचे, घाबरून हाका मारणाऱ्या आजींपाशी बसायचे आणि स्वतःचा डबाही खायचा! सकाळी एखाद्याच्या पाठीवर जखम दिसली की ‘मावशी निष्काळजी आहेत’ असे म्हटले जाते. ही जखम मावशींच्या हातून झालेली नसते. एका माणसाच्या पगारात तिघांचे काम उरकू पाहणाऱ्या हिशेबातून ती उद्भवलेली असते.

या मावशी कोण असतात? बहुधा वस्तीतल्या किंवा गावाकडून आलेल्या, पुष्कळदा विधवा वा परित्यक्ता स्त्रिया. त्यांना काम मिळते ‘ब्यूरो’मार्फत. कुटुंब किंवा संस्था देते त्या रकमेतला काही भाग ब्यूरो कापून घेतो. रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे म्हातारपण सांभाळणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद कोणीच केलेली नसते. पलंगावर निजलेला माजी गिरणी कामगार आणि त्याला उचलून बसवणारी मावशी हे एकाच अन्यायाचे दोन टप्पे आहेत, ही गोष्ट आपल्या चळवळीने अद्याप पुरेशी ओळखलेली नाही.

यावर संस्कृतिरक्षक म्हणतील की वृद्धांची जागा घरातच आहे आणि एकत्र कुटुंब हाच खरा उपाय आहे. त्या कुटुंबात म्हाताऱ्यांची सेवा करीत कोण होते? सून, लेक, पत्नी. ती सेवा बिनमोल होती कारण तिची किंमत कोणी मोजतच नव्हते. आज ती सून कामावर जाते, मुलगा कंत्राटी नोकरीत आहे, घर एका खोलीचे आहे. अशा घरावर सारा भार टाकून सरकारने हात झटकणे ही कुटुंबाची फसवणूक आहे.

आपल्या कायद्याने मुख्यत्वे हेच केले आहे. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने निर्वाहखर्चासाठी मुलांविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट दिली. सरकारच्या जबाबदारीची भाषा मात्र मवाळ ठेवली. कलम १९ म्हणते की राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान दीडशे निराधार वृद्धांचा वृद्धाश्रम स्थापन ‘करू शकेल’. ‘करील’ असे ते म्हणत नाही. महाराष्ट्राच्या छत्तीस जिल्ह्यांत ही किमान मर्यादा पुरी झाली तरी जागा होतील ५,४००. २०११ च्या जनगणनेत राज्यात साठीपुढची माणसे एक कोटीहून अधिक होती. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २००७ साली दरमहा २०० रुपये होता, आणि ६० ते ७९ वयोगटासाठी पुढच्या दीड दशकातही तो वाढला नाही.

हे अटळ आहे काय? जपानने २००० सालापासून देखभाल विमा लागू केला. त्यात चाळिशीपुढचे नागरिक वर्गणी भरतात, निम्मा खर्च करांतून होतो आणि माणसाला किती मदत लागते याची तपासणी होऊन घरी किंवा निवासात सेवा मिळते. जपान श्रीमंत आहे म्हणून सोडून द्यायचे, तर केरळकडे पाहावे. त्या राज्याने २००८ साली उपशामक उपचारांचे धोरण जाहीर केले, आणि तेथे पंचायतींच्या आधाराने परिचारिका अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी जाऊ लागल्या. त्यासाठी संगमरवरी इमारती बांधाव्या लागल्या नाहीत.

आपल्यापाशीही एक धडा आहे. अनेक मालकांकडे काम करणाऱ्या हमालाला कोणीच आपला कामगार मानत नव्हते, तेव्हा १९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे निर्माण केली. मजुरी मंडळात जमा होऊ लागली, तिच्यावर लेव्ही बसली, भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळाली. शुश्रूषा करणाऱ्या मावशींसाठी असे मंडळ का होऊ नये? त्याने ब्यूरोची दलाली संपेल आणि काम शिकवण्याचीही व्यवस्था होईल.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. कलम १९ मधील ‘करू शकेल’च्या जागी ‘करील’ हा शब्द यावा. परावलंबी माणसाला प्रवेश नाकारण्याची मुभा अनुदानित संस्थांना नसावी. पाळीमागे रुग्ण किती व कर्मचारी किती, हे प्रमाण कायद्याने ठरावे आणि ते दारावर लावलेले असावे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातून घरी जाणारी परिचारिका असावी. मावशींचे मंडळ व्हावे.

कार्यकर्त्यांनी सुरुवात आपल्या वस्तीपासून करावी. जवळच्या वृद्धाश्रमात जावे, फराळाचे पुडे आणि कॅमेरा घेऊन नव्हे. रात्रपाळीला किती जणी आहेत आणि किती माणसे अंथरुणावर आहेत, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. उत्तरे वहीत लिहून आणावीत. आपल्या मोर्चाचे पहिले निवेदन त्या वहीतूनच तयार होईल.