मागच्या सीटवरचं डोकं

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही दोघं नवरा-बायको दीपनगरहून गोव्याला मोटरसायकलवर गेलो. वागातोरला तेव्हा 'इंडिया बाइक वीक' नावाचा मोटरसायकलवाल्यांचा मोठा मेळावा भरला होता, तो बघायला. जायला तीन दिवस, यायला तीन दिवस, तिथे दोन दिवस. गाडी कोणती, असं सगळे विचारतात. पल्सर १५०, २०१४ सालची. आमच्याकडे बुलेट नाही.

परत आल्यावर शाळेतल्या बाईंपासून मोहल्ल्यातल्या आपापर्यंत सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला: "तुम्हाला इजाजत कशी मिळाली?" मी उर्दू आणि मराठी शिकवते, बीएड आहे, वय पंचेचाळीसच्या घरात, वीस वर्षांपासून पगार घरात आणते. तरी प्रश्न इजाजतीचा. नवऱ्याला कुणी हा प्रश्न विचारला नाही. त्याला विचारलं, "ॲव्हरेज किती दिलं?"

पण मला आज इजाजतीवर लिहायचं नाही. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला हेल्मेटवर लिहायचंय.

जायचं ठरलं तेव्हा घरात एक हेल्मेट होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, या काळात दोन गाड्या झाल्या, तीन हेल्मेटं झाली, पण प्रत्येक वेळी घरात एकच. प्रकल्पाच्या गेटवर हेल्मेटशिवाय आत सोडत नाहीत म्हणून ते घेतलेलं. म्हणजे ते डोक्यासाठी नव्हतंच, गेटसाठी होतं. मी मागे बसून भुसावळला बाजारात, वरणगावला माहेरच्या नात्यात, जळगावला दवाखान्यात हजार वेळा गेले असेन. डोक्यावर ओढणी. एकदाही दोघांपैकी कुणाच्या मनात आलं नाही की मागेही एक डोकं बसलंय.

हे मी नवऱ्याला दोष द्यायला लिहीत नाही. मलाही सुचलं नव्हतं, आणि मला तर सुचायलाच हवं होतं. कारण माझी सख्खी खाला अशीच गेली.

खालाजान आणि खालूजान एका लग्नाहून स्कूटरने परतत होते. गावाच्या तोंडाशी स्पीडब्रेकर, त्यावर पांढरे पट्टे नाहीत, संध्याकाळची वेळ. गाडी उसळली. खाला एका बाजूला पाय घालून बसलेल्या, बुरख्याचा घेर मागच्या चाकाकडे. त्या मागे पडल्या ते थेट डोक्यावर. खालूजान पुढे घसरत गेले, हेल्मेटला दोन ओरखडे आले, गुडघा सोलला. खाला तीन दिवस होत्या. मय्यतीला आलेली प्रत्येक बाई "मौत का वक्त मुकर्रर है" म्हणाली, आणि ते खरंच आहे, माझा त्यावर ईमान आहे. पण त्या खोलीत एका कोपऱ्यात खालूजानचं हेल्मेट ठेवलेलं होतं आणि मी अख्खी दुपार त्याच्याकडे बघत बसले होते. तरी त्यानंतर मी वर्षानुवर्षं उघड्या डोक्याने मागे बसत राहिले. माणूस किती लवकर विसरतो.

केंद्र सरकारच्या रस्तेवाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अपघातांचा अहवाल आहे. त्या वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ७४ हजारांवर दुचाकीवरची. हेल्मेट नव्हतं अशी मेलेली माणसं ५०,०२९, आणि त्यांतली १४,३३७ मागे बसलेली. या चौदा हजारांत बायका किती ते मी सांगणार नाही. मागच्या सीटवर आपल्याकडे कोण बसतं ते तुम्हीच आठवा.

कायदा काही वेगळं सांगत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला सारखंच लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरचं मूलसुद्धा त्यात येतं. दंड हजार रुपये. डोक्याला पगडी बांधणाऱ्या शीख माणसाला सूट आहे, आपल्याला कुठलीही नाही. ओढणी, हिजाब, बुरखा, पदर, यांतलं काहीही हेल्मेटच्या जागी चालत नाही. दिल्लीत मात्र एक काळ असा होता की बायकांना हेल्मेटमधून सरसकट सूट होती. मर्जी असेल तर घाला, नाहीतर नको. २०१४ मध्ये ती काढली आणि शीख महिलांपुरती ठेवली. ही सूट देताना बायकांचा मानच राखला, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं असेल. असा मान आपल्याही घरात राखला जातो. "राहू दे, तुला कशाला तो बोजा."

आणि आणखी एक नियम आहे, जो मला या प्रवासाच्या तयारीत कळला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा. प्रत्येक मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकेल असं काहीतरी हवं, म्हणजे कपडा चाकात जाणार नाही. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. आपली पोरं गाडी शोरूममधून आणली की पहिल्या आठवड्यात ते काढून फेकतात, कारण त्याने गाडी 'अंकल' दिसते. आमच्याही गाडीचं काढलेलं होतं. कधी काढलं, असं विचारल्यावर नवरा म्हणाला, "घेतली तेव्हाच." म्हणजे नऊ वर्षं. मी बुरखा घालत नाही, पण ओढणी तर होती ना.

ते पुन्हा बसवून घेतलं. मेकॅनिक हसला.

हेल्मेट घ्यायला जळगावला गेलो. दुकानदाराने माझ्यासाठी आधी अर्धं टोपडं काढलं, गुलाबी, वर फुलपाखरू. मी म्हटलं, यांना जे दाखवलं तेच मला दाखवा. पूर्ण चेहरा झाकणारं. मग स्कार्फचा प्रश्न आला. मी डोक्याला स्कार्फ बांधते आणि मागे पिन लावते. हेल्मेट त्यावर बसवलं तर पिना टाळूत रुततात, आणि पडलो तर त्या कुठे शिरतील ते सांगायला नको. जाड ओढणीवर हेल्मेट घातलं तर ते डोकं हलवलं की फिरतं, म्हणजे घालून न घातल्यासारखं. शेवटी उपाय साधा निघाला. आत पातळ सुती टोपी, नमाजच्या वेळी बायका आत घालतात तशी, बिनपिनेची. त्यावर हेल्मेट. गळ्याभोवतीची ओढणी जॅकेटच्या आत, टोकं बाहेर नाहीत. थांबलं की हेल्मेट काढून वरून स्कार्फ. हे लिहितेय कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि दुकानदारालाही माहीत नव्हतं. आणि माप डोक्याच्या घेराचं घ्या, नवऱ्याच्या अंदाजाचं नको. आतमध्ये आयएसआयचा शिक्का बघा. जून २०२१ पासून त्याशिवाय हेल्मेट विकायलाच बंदी आहे, पण रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांची प्लास्टिकची भांडी अजून मांडलेली दिसतात.

निघायचा दिवस पाच डिसेंबर ठेवला, कारण सासूबाईंनी सहा तारखेला घराबाहेर पडायला मनाई केली. १९९२ पासून आमच्या घरात सहा डिसेंबरला कुणी लांबचा प्रवास करत नाही. पाचला निघालो म्हणजे सहाला रस्त्यावरच असणार, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आम्हीही आणून दिलं नाही.

जामनेर, पहूर, फर्दापूर, मग अजिंठ्याचा घाट. सिल्लोड, संभाजीनगर, नगर. दुसऱ्या दिवशी पुणे ओलांडून सातारा. तिसऱ्या दिवशी कोल्हापूर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली आणि खाली सावंतवाडी. आठशे किलोमीटरच्या वर. जाताना पेट्रोलला साधारण दोन हजार लागले. सगळा रस्ता मी मागून पाहिला. मागच्या सीटवरून खूप दिसतं हो! चालवणाऱ्याला फक्त खड्डा दिसतो. मी डोकी मोजत गेले. फर्दापूरपर्यंत मागे बसलेल्या एकाही बाईच्या डोक्यावर हेल्मेट नाही. मांडीवर मूल, हातात पिशवी, पदर डोक्यावर घट्ट धरलेला. पुण्यात थोडी दिसली, आणि हेल्मेटसक्तीविरोधात मोर्चे निघाले ते शहर हेच. आमच्या खान्देशात मोर्चाही निघत नाही. कुणी घालतच नाही तर विरोध कशाला!

एका गावात लॉजवाल्याने आधी खोली आहे म्हणून सांगितलं. आधार कार्ड हातात घेतलं, नावं वाचली आणि खोली भरली. लग्नाचा दाखला दाखवू का, असं नवऱ्याने विचारलं. त्याने मान हलवली, आता काहीच नाही. मी गाव सांगत नाही. वीस मिनिटांनी पुढच्या लॉजवर एका वयस्कर बाईंनी कार्डाकडे न बघता गरम पाण्याची बादली पाठवली. दोन्ही एकाच रस्त्यावर.

सफरात नमाज कमी करायची सवलत आहे, चार रकातींच्या दोन. हे मी मुलांना वीस वर्षं शिकवतेय, पण स्वतः ती सवलत घ्यायची वेळ किती कमी आली होती हे आजऱ्याजवळ एका शेताच्या बांधावर उभी राहिले तेव्हा कळलं. आमचे प्रवास म्हणजे लग्न, मय्यत, दवाखाना, आणि नशिबात असेल तर हज. नवरा-बायको दोघंच, काही कारण नसताना, असं कुठे जातो आपण? हजरत मुहम्मद (स.) यांनी सफरात हजरत आयशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, हे हदीसमध्ये आहे. जुम्याच्या बयानात ते फार ऐकू येत नाही.

मेळाव्याबद्दल खरं सांगायचं तर अर्धा माझ्या कामाचा नव्हता. मोठमोठ्याने गाणी, संध्याकाळी दारू, आणि ज्यांची किंमत आमच्या क्वार्टरएवढी असेल अशा गाड्या. आमची पल्सर लावायला नवऱ्याला सुरुवातीला लाज वाटली. पण दोन गोष्टी बघून मी थांबले. एक म्हणजे बायका. नुसत्या मागे बसलेल्या नव्हेत, चालवत आलेल्या, चाळिशीच्या, पन्नाशीच्या. पुण्यात २०११ मध्ये 'बाइकर्नी' नावाची बायकांची संघटना सुरू झाली, उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी. त्यांतलं दुसरं नाव मी मुद्दाम लिहितेय, कारण 'हे आपल्यात नसतं' असं मला रोज ऐकावं लागतं. आणि सौदी अरेबियात जून २०१८ पासून बायकांना गाडी चालवायचा परवाना मिळतो, मोटरसायकलचासुद्धा. तेही ज्यांच्याकडे बोट दाखवून आपल्याला अडवलं जात होतं त्यांच्याकडे!

दुसरी गोष्ट: तिथे जोडपी होती, आणि प्रत्येक जोडप्यातल्या दोघांच्या अंगावर सारखं सामान. जॅकेट, हातमोजे, बूट, हेल्मेट. मागचीला कमी नाही. ते श्रीमंत आहेत म्हणून, असं म्हणता येईल. पण आपण पंचवीस हजारांचा मोबाइल हप्त्यावर घेतो आणि बायकोच्या डोक्यासाठी अठराशे जड जातात, तर तिथे गरिबीचं कारण पुरत नाही. माझं हेल्मेट अठराशेला मिळालं. आम्ही दोघं कमावतो, मान्य. ज्या घरात एकच मजुरी येते त्या घराला मी हे तोंड वर करून सांगणार नाही. पण मी ज्या घरांत ईदला शीरखुर्मा खायला जाते, त्यांतली बहुतेक घरं आमच्यासारखीच आहेत.

काही बायका मला म्हणाल्या, हेल्मेटमध्ये चेहरा झाकतो, पण लोक म्हणतील फॅशन करते. एका आपाने विचारलं, लांब प्रवास, नवऱ्याला धरून बसणं, लोकांसमोर, बरं दिसतं का? मी म्हटलं, मग न धरता बसू? एका बाजूला पाय घालून, एका हाताने ओढणी, एका हाताने सीट, तशीच तर खाला बसली होती. दोन्ही बाजूंना पाय घालून बसा. सलवारमध्ये अगदी सहज बसता येतं, आपला पोशाख त्यासाठी साडीपेक्षा बरा आहे. बुरखा असेल तर पुढून उघडणारा घ्या, घेर गुडघ्याखाली खोचून बसा. यात शरमेचं काय ते मला कळलेलं नाही.

परत आलो तेव्हा चिमण्या लांबूनच दिसल्या, फेकरीच्या अलीकडून. मुलीने दार उघडलं आणि आधी माझं हेल्मेट घेऊन आरशासमोर गेली. ती सतरा वर्षांची आहे. पुढच्या वर्षी गिअरच्या गाडीचं लायसन्स काढायचं म्हणतेय. तिचे अब्बू "बघू" म्हणाले. सासूबाईंनी दोन दिवस आमच्याशी बोलणं टाळलं. तिसऱ्या दिवशी त्यांना डोळ्याच्या डॉक्टरकडे भुसावळला न्यायचं होतं. नवऱ्याने गाडी काढली, आणि मी माझं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर बसवलं. खूप कुरकुरल्या. कानाला लागतं म्हणाल्या, ऐकू येत नाही म्हणाल्या, या वयात हे काय सोंग म्हणाल्या. पट्टा मी बांधला. गेटपर्यंत दोन्ही हातांनी ते धरून बसल्या होत्या, वाऱ्याने उडेल म्हणून.