पातं वॉशिंग्टनचं, दांडा सांतियागोचा

आमच्या अभ्यासवर्गाला एक कॉम्रेड येतात. माणूस चांगला. चहाचे पैसे तेच देतात. पण चिलीचा विषय निघाला की आमच्याकडं बघून गालात हसतात. म्हणतात, "बघा रे पोरांनो, अलेंदे मतपेटीतून आला होता. घटनेच्या चौकटीत राहून. तुमच्या बाबासाहेबांनी सांगितलं अगदी तस्संच. काय झालं त्याचं? सीआयएनं राजवाड्यावर विमानं घातली. आता बसा घटनेची पारायणं करीत."

पोरं गप्प बसतात. चिली नकाशात दाखवता येत नाही, उत्तर कुठून देणार? मीही दोनदा गप्प बसलो. घरी येऊन स्वतःवरच चिडलो. मग वाचलं. ते इथं मांडतो.

आणि एकटे कॉम्रेडच नाहीत. १९७५ च्या आणीबाणीत 'परकीय हात' हा शब्द दिल्लीहून निघाला तो गल्लीपर्यंत आला. अलेंदेचं झालं ते इथं होऊ द्यायचं नाही, असं म्हणत माणसं जेलात घातली, पेपरांची तोंडं शिवली. आपल्यातल्याही काही पुढाऱ्यांनी माना डोलावल्या. परकीय हाताकडं बोट दाखवलं की घरातल्या हाताकडं कुणी बघत नाही, ही त्यातली गोम.

कॉम्रेड आणि पुढारी, दोघांचं म्हणणं एकच: सगळं सीआयएनं केलं. तर सीआयएनं काय केलं ते आधी बघू. ते काही थोडं नाही.

४ सप्टेंबर १९७०. साल्वादोर अलेंदे, पेशानं डॉक्टर, समाजवादी, तीन वेळा हरलेला, चौथ्यांदा पहिला आला. मतं ३६ टक्क्यांच्या वर, म्हणजे निम्म्याहून कमीच. अशा वेळी संसदेनं शिक्कामोर्तब करायचं हा तिथला नियम. १५ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये निक्सननं सीआयएचा प्रमुख हेल्म्स याला बोलावलं. किसिंजर होताच. हेल्म्सनं हातानं लिहिलेलं टिपण पुढं उघड झालं. दहात एक संधी असली तरी चालेल, धोक्याची पर्वा नको, एक कोटी डॉलर आहेत, लागले तर आणखी, आणि चिलीच्या अर्थव्यवस्थेला किंचाळायला लावा. एका स्वतंत्र देशाच्या लोकांनी अकरा दिवसांपूर्वी मतदान केलेलं आणि दुसऱ्या देशात चार-पाच माणसं बसून ते पुसायचं ठरवतात.

आता ह्याच दिवसाची दुसरी गोष्ट ऐका. ही कॉम्रेडच्या भाषणात येत नाही. त्याच १५ सप्टेंबरला सकाळी किसिंजरबरोबर नाष्ट्याला एक पाहुणा होता. ऑगस्टिन एडवर्ड्स. चिलीतला गडगंज माणूस, 'एल मर्क्युरिओ' या तिथल्या सगळ्यात मोठ्या पेपरचा मालक. पेप्सी कंपनीच्या प्रमुखानं त्याची गाठ घालून दिली. हेल्म्सलाही तो भेटला. काहीतरी करा, म्हणून सांगायला आला होता. नंतर हेल्म्सनंच साक्ष दिली, की एडवर्ड्स आला होता म्हणून राष्ट्राध्यक्षांनी ती बैठक बोलावली असावी.

म्हणजे वॉशिंग्टन उठून सांतियागोला गेलं त्याच्या आधी सांतियागोचा सावकार वॉशिंग्टनच्या दारात जाऊन बसला होता. पुढं १९७१ आणि ७२ मध्ये याच पेपरला सीआयएकडून सोळा लाख डॉलरच्या वर रक्कम मंजूर झाली. रोज सकाळी लोकांच्या दारात पडणारा पेपर परक्या पैशावर छापला जात होता, आणि मालक 'वृत्तपत्र स्वातंत्र्य धोक्यात' म्हणून बोंबलत होता.

मग जनरल श्नायडर. रेने श्नायडर हा चिलीच्या लष्कराचा सरसेनापती. डावा नव्हता, क्रांतिकारक तर नाहीच. त्याचं म्हणणं साधं होतं: घटनेनं ज्याला निवडलं त्याला लष्कर सलाम ठोकणार, मध्ये पडणार नाही. हा माणूस वाटेतून काढल्याशिवाय उठाव होत नव्हता. त्याला पळवायचं ठरलं. सीआयएनं कटवाल्या अधिकाऱ्यांच्या एका टोळीला २२ ऑक्टोबर १९७० च्या पहाटे तीन मशिनगनी पोचवल्या. त्याच सकाळी दुसऱ्या टोळीनं श्नायडरची गाडी अडवली. त्यानं पिस्तूल काढलं, त्यांनी गोळ्या घातल्या. २५ तारखेला तो गेला. अमेरिकन सिनेटच्या चर्च समितीनं १९७५ मध्ये चौकशी केली. सीआयएच्या बंदुका त्या खुनात वापरल्या गेल्या नसाव्यात, असा तिचा निष्कर्ष. ठीक आहे. पण खून करणाऱ्या टोळीतल्या एकाला पुढच्याच महिन्यात सीआयएनं पस्तीस हजार डॉलर दिले, हे २००० सालच्या त्यांच्याच अहवालात लिहिलंय. बंदूक आमची नव्हती, बक्षीस तेवढं आमचं!

श्नायडरच्या खुनानं डाव उलटला. संसदेनं १५३ विरुद्ध ३५ मतांनी अलेंदेला निवडलं. नोव्हेंबरात त्यानं सूत्रं घेतली.

नंतरची तीन वर्षं नाड्या आवळायची. १९६९ ला अमेरिकेची थेट मदत साडेतीन कोटी डॉलर होती, ती १९७१ ला पंधरा लाखांवर आली. निर्यात-आयात बँकेची कर्जं शून्यावर. फक्त एक नळ चालू राहिला, लष्कराचा. लष्कराला मदत, अधिकाऱ्यांना प्रशिक्षण, ते थांबलं नाही. उपाशी कुणाला ठेवायचं आणि जेवू कुणाला घालायचं ते बरोबर ठरलेलं. १९७० ते ७३ मध्ये सीआयएनं विरोधी पक्ष, पेपर, मालकांच्या संघटना यांच्यावर सत्तर-ऐंशी लाख डॉलर ओतले. आयटीटी या टेलिफोन कंपनीनं तर आपण होऊन सीआयएला दहा लाख डॉलर देऊ केले होते. ते १९७२ ला पेपरात फुटलं.

ऑस्ट्रेलियाचंही नाव घ्यायला पाहिजे. सीआयएच्या विनंतीवरून ऑस्ट्रेलियाच्या गुप्तहेर खात्यानं १९७१ मध्ये सांतियागोत ठाणं उघडलं. तिथं मजूर पक्षाचं सरकार आल्यावर पंतप्रधान व्हिटलमनं १९७३ ला ते बंद करायला लावलं, पण अमेरिकेला काय वाटेल याची चिंता त्यालाही होतीच. ह्याचे कागद बाहेर यायला २०२१ उजाडलं. पन्नास वर्षं! एका खेड्यात दोन पाटील एकमेकांची कामं करतात, त्यातलाच प्रकार.

हे सगळं खरं. तरी कॉम्रेड म्हणतात ती 'सीआयएची विमानं' खोटी. ११ सप्टेंबर १९७३ ला ला मोनेदा राजवाड्यावर बाँब टाकले ते चिलीच्याच हवाई दलानं. विमानं ब्रिटनमध्ये बनलेली हॉकर हंटर, वैमानिक चिलीचे. अलेंदेला सैनिकांनी मारलं असं आपणही वर्षानुवर्षं सांगत आलो. २०११ ला प्रेत उकरून तपासणी झाली, त्यानं स्वतःला गोळी घातली हे नक्की झालं. शरण गेला नाही, एवढं पुरेसं आहे. खोटं चिकटवायची गरज नाही.

त्या दिवसाच्या उठावात सीआयएचा थेट हात चर्च समितीला सापडला नाही. कट चाललाय हे माहीत होतं, कटवाल्यांशी बोलणं होतं, थांबवायचा प्रयत्न नव्हता. पाच दिवसांनी निक्सन आणि किसिंजर फोनवर बोलले. त्याची नोंद आहे. निक्सन विचारतो, यात आपला हात दिसत नाही ना? किसिंजर सांगतो, आपण केलं नाही, मदत केली, परिस्थिती तयार केली.

परिस्थिती तयार केली. बरोबर. पण कुणाच्या अंगणात? तिथं आधीपासून सरपण रचलेलं होतं. अलेंदेनं प्रत्येक पोराला रोज अर्धा लिटर दूध सुरू केलं. ११ जुलै १९७१ ला तांब्याच्या खाणी राष्ट्राच्या झाल्या, संसदेत एकमतानं. त्यावर उजवेसुद्धा 'नाही' म्हणू शकले नाहीत, कारण खाणी अमेरिकन कंपन्यांच्या होत्या, त्यांच्या बापाच्या नव्हत्या. जमिनीला हात लागला तेव्हा ओरड सुरू झाली. कायदा १९६७ चाच, आधीच्या सरकारचा. ऐंशी बागायती हेक्टरवरची जमीन काढून घ्यायची. अलेंदेनं तो नुसता राबवला. आपल्याकडं कूळकायदा आणि सीलिंगचा कायदा झाला तेव्हा बैलाच्या नावावर, कुत्र्याच्या नावावर जमिनी कशा चढल्या ते ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल, की कायदा करणं वेगळं नि राबवणं वेगळं.

डिसेंबर १९७१ ला खात्यापित्या वस्तीतल्या बाया रिकामी पातेली बडवत रस्त्यावर आल्या. ऑक्टोबर १९७२ ला ट्रकमालकांनी ट्रक उभे केले. लांबट, चिंचोळा देश, ट्रक थांबले की पीठ थांबलं. अलेंदेच्या सरकारच्या चुकाही होत्याच, महागाई शेकड्यांच्या टक्क्यांत गेली होती. आणि एवढं होऊनही मार्च १९७३ च्या निवडणुकीत त्याच्या आघाडीला ४३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. १९७० पेक्षा जास्त! उपाशी माणसानं रांगेत उभं राहून परत त्यालाच मत दिलं. ह्याचाच त्यांनी धसका घेतला. मतपेटीतून हा जाणार नाही म्हटल्यावर मतपेटीच फोडायची.

श्नायडरच्या जागी आलेला जनरल प्राट्सही घटनेला धरून राहणारा. ऑगस्टमध्ये त्याच्या घरासमोर कोणी निदर्शनं केली? लष्करी अधिकाऱ्यांच्या बायकांनी. प्राट्सनं राजीनामा दिला, त्याच्याच शिफारशीनं पिनोशे सरसेनापती झाला. एकोणीस दिवसांत त्यानं मालकाचा गळा धरला. वर्षभरानं, ३० सप्टेंबर १९७४ ला, ब्युनॉस आयर्समध्ये प्राट्स आणि त्याच्या बायकोला बाँबनं उडवलं.

कॉम्रेड, आता सांगा. घटना कुणी पाळली? अलेंदेनं, श्नायडरनं, प्राट्सनं, रांगेतल्या माणसानं. घटना कुणी फाडली? जमीनदार, पेपरमालक, वर्दीतले साहेब यांनी. अलेंदे जनमत घेण्याची घोषणा करणार होता, असं त्याच्या सहकाऱ्यांनी पुढं सांगितलं. तेवढीही वाट बघितली नाही. ज्याला घटनेचा जाच होतो तोच ती फाडतो. आणि फाडून झाल्यावर पिनोशेनं काय केलं? १९८० ला दुसरी लिहून घेतली. घटना जर नुसता कागद, तर बंदूक हातात असलेल्याला कागद कशाला लागला? तो इतका पक्का लिहिला, की २०२२ आणि २०२३ मध्ये नव्या घटनेचे दोन मसुदे झाले, मतदानात दोन्ही पडले, आणि पिनोशेचीच घटना दुरुस्त करकरून वापरावी लागली.

बाबासाहेबांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण आपण कशासाठी वाचतो? सनदशीर मार्ग आणि व्यक्तिपूजा, एवढंच आपल्या पाठांतरात. त्याच भाषणात आधी एक दाखला आहे. सिंधवर स्वारी झाली तेव्हा दाहीर राजाच्या सेनापतींनी महंमद बिन कासिमच्या माणसांकडून लाच घेतली आणि लढायला नकार दिला. परक्याची लाच, घरचा सेनापती. देश एकदा गेला तो आपल्याच माणसांच्या फितुरीनं गेला, ही त्यांची चिंता होती. चिलीच्या चोवीस वर्षं आधी! बाबासाहेब भाबडे घटनावादी होते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे भाषण एकदा पुरतं वाचावं. आपल्या पोरांनीही.

आणि हे मारले कोण गेले? तीन हजारांवर माणसं ठार नाहीतर बेपत्ता. छळ आणि कैद धरून सरकारी चौकशांनी मान्य केलेले बळी चाळीस हजार. फुटबॉलचं स्टेडियम कैद्यांनी भरलं. गायक व्हिक्टर हारा याचं गोळ्यांनी चाळणी झालेलं प्रेत सापडलं. ही नावं कॉम्रेडना पाठ आहेत. त्यांना पाठ नाही तो मापुचे.

मापुचे हे दक्षिण चिलीतले मूळचे लोक. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना तुकड्यांवर कोंडलं, त्या तुकड्यांतही जमीनदारांची कुंपणं दरवर्षी आत सरकत गेली. १९७०-७१ च्या सुमाराला मापुचेंनी एक काम केलं. रात्री जायचं, कुंपण उपटायचं, जुन्या सनदेत हद्द होती तिथं नेऊन रोवायचं. बस्स. १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या मागं जेलात गेलेल्या आपल्या म्हाताऱ्यांना ह्याचा अर्थ फोडून सांगावा लागणार नाही. अलेंदेनं शेतीमंत्री चोंचोलला खातं घेऊन तिकडं तेमुकोला पाठवलं. तिथल्या जमीनदारांनी तेव्हाच बंदुका काढल्या होत्या.

उठावानंतर कुंपणं परत आत आली. १९७९ ला पिनोशेनं कायदा केला, क्रमांक २५६८. मापुचेंच्या सामाईक जमिनीच्या वाटण्या करायच्या. आणि मूळ कायद्यात लिहिलं, की वाटणी झालेल्या जमिनी आदिवासींच्या जमिनी समजल्या जाणार नाहीत, आणि त्यांचे मालकही आदिवासी समजले जाणार नाहीत. एका ओळीत माणसाची जमीन गेली आणि माणूसही गेला.

हे कलम लिहायला सीआयएचा कुणी आला नव्हता. त्याला एक डॉलर पडला नाही. ते सांतियागोच्या साहेबानं आपल्या हातानं, आपल्या शाईनं लिहिलं. कॉम्रेड, तुमच्या चिलीत हा मापुचे का नाही, हे पुढच्या वर्गात सगळ्यांसमोर विचारणार आहे.

जय भीम.