आधी पिन काढा, मग फोटो काढा

गेल्या वर्षी, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, लातूर, नांदेड, धाराशिवकडे पावसाने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. शेतं, जनावरं, पूल यांच्या बातम्या झाल्या. स्वयंपाकघरांच्या झाल्या नाहीत. शिरूर अनंतपाळला माझ्या मावशीच्या घरात रात्री ओढ्याचं पाणी शिरलं, दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं. मी पोचले तेव्हा फ्रिज तिरका होऊन भिंतीला टेकला होता, मिक्सरच्या भांड्यात चिखल होता आणि कोपऱ्यात घरघंटी गाळात उभी होती. हप्त्यांवर घेतलेली. शेवटचा हप्ता दिवाळीत फिटणार होता.

तिसऱ्या दिवशी लाइट आली. तोवर सगळं पुसून, उन्हात ठेवून झालं होतं. काका म्हणाले, "चालू करून बघ की, होतीय का." मावसभावाने पिन लावली. घुर्र असा आवाज, मग जळका वास. मावशीचा हात घरघंटीच्या पत्र्यावर होता. "अगं माय!" म्हणत ती मागे फेकली गेली. कोपराला लागलं, बाकी काही झालं नाही. पायात रबरी चप्पल होती, एवढंच.

"चालू होतंय का बघ" हे वाक्य आपल्या घराघरात आहे. मोबाइल पाण्यात पडला तरी आपण आधी तेच करतो. पण मोटरचं बाहेरचं पत्र्याचं अंग उन्हात वाळतं, आतल्या वाइंडिंगमधला गाळ आणि ओल तशीच राहते. वीज मग त्या ओलीतून बाहेरच्या पत्र्यावर येते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते. आणि आपल्याकडे अर्थिंग? तीन पिनांच्या प्लगची मधली पिन मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवणारे हुशार लोक प्रत्येक गल्लीत आहेत. आमच्याकडे तर तो मानाचा विषय होता.

"एमसीबी लावलाय ना, मग काय होतंय?" हा दुसरा गैरसमज. एमसीबी जास्त लोड आला किंवा शॉर्टसर्किट झालं की पडतो, त्याचं काम वायर वाचवणं. माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा करंट त्याच्या खिजगणतीतही नसतो. त्यासाठी आरसीसीबी लागतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची गळती झाली की क्षणात लाइट तोडतो. साध्या मिक्सरच्या किमतीत येतो, पण नवं घर बांधताना टाइल्सवर खर्च करणारे आपण इथे मात्र "नंतर बघू" म्हणतो.

आता विम्याची गोष्ट. मावशीच्या घरावर कर्ज आहे. त्या फाइलमध्ये घरविम्याची पॉलिसी होती, हे आम्हाला आठ दिवसांनी कळलं. 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना विकणं बंधनकारक केलंय. तिच्यात आग, वीज पडणं, पूर, भूकंप सगळं आहे. किल्लारीच्या जिल्ह्यात ही पॉलिसी किती जणांना माहीत आहे, हे तुमच्याच घरी विचारून बघा. इमारतीचा विमा असेल तर त्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप त्यात येतं. म्हणजे घर १५ लाखांचं असेल तर ३ लाखांचं सामान, वेगळी यादी न देता.

सर्व्हेअर आला. फ्रिज आणि मिक्सर मान्य. घरघंटी नामंजूर. कारण शॉर्टसर्किट.

पॉलिसीत एक कलम आहे: विजेचं उपकरण शॉर्टसर्किटने, स्वतः तापून किंवा विजेच्या गळतीने खराब झालं, मग कारण कोणतंही असो, त्या उपकरणाची भरपाई नाही. म्हणजे शॉकच्या भीतीने ज्यांना आम्ही हात लावला नाही, त्या दोन वस्तू पुराने गेल्या असं ठरलं. जी आम्ही चालू केली, ती "विजेने जळाली". मला हा न्याय पटत नाही. पाणी शिरलं नसतं तर मोटर जळाली असती का? पण कंपनीच्या हातात जळालेली वाइंडिंग होती आणि आमच्या हातात तिचा एकही फोटो नव्हता. वाद इथेच संपतो.

बरं, सरकारी मदत म्हणाल तर आपत्ती निधीच्या तेव्हाच्या निकषात घर पाण्याखाली गेल्यास कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व घरगुती वस्तूंसाठी २,५०० रुपये, एका कुटुंबाला. त्यात फ्रिजचं दारही येत नाही. म्हणून पॉलिसी असेल तर ती सोडून चालणार नाही.

गंमत बघा, पीकविम्याची ७२ तासांत तक्रार करायची, हे काकांना झोपेतही पाठ होतं. एक रुपयातला पीकविमा २०२३ ला आला आणि २०२५ ला गेला, तोवर गावातल्या प्रत्येक पोराला ते ॲप येत होतं. पिकाचे फोटो आपणच काढून दिलेत ना? मग घरातल्या सामानाचे का नाही? ती पॉलिसी इंग्रजीत, बारीक अक्षरात असते. मावशी ती वाचणार नाही. ते आपलं काम आहे, कॉलेजात जाणाऱ्यांचं.

पाणी चढताना बोर्ड कोरडा असेल आणि आपण कोरड्यात उभे असू, तरच मेन स्विच पाडायचा. बोर्ड ओला असेल तर त्याच्या जवळ न जाता महावितरणच्या १९१२ वर फोन करून बाहेरूनच लाइट तोडायला सांगायची. आणि इन्व्हर्टर विसरू नका. गावाची लाइट गेलेली असते, सगळे निर्धास्त असतात, पण इन्व्हर्टरवरचा बोर्ड जिवंत असतो. वायरमनने मेगर लावून तपासल्याशिवाय पिन लावायची नाही. गाळ धुण्याआधी भिंतीवरची पाण्याची रेघ, उपकरण, त्याचा सीरियल नंबर यांचे फोटो काढायचे. कंपनीला त्याच दिवशी कळवायचं आणि सर्व्हेअर येईपर्यंत काहीही भंगारात द्यायचं नाही. आमचा मिक्सर भंगारवाल्याच्या गाड्यावरून परत आणलाय, म्हणून सांगतेय.

घरघंटीचं प्रकरण अजून चालू आहे. कंपनीकडे लेखी तक्रार केली आहे. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. अर्ज मी लिहिलाय, मावशीने सही केलीय. मावसभावाने मेन बोर्डात आरसीसीबी बसवून घेतलाय आणि मावशी रोज सकाळी त्याचं टेस्टचं बटण दाबते. महिन्यातून एकदा दाबलं तरी चालतं, असं तिला दोनदा सांगून झालंय.