रद्दी होण्यापूर्वी

रद्दीवाल्याची हाक गल्लीत घुमू लागली, की घरातील कोनाडे रिकामे होऊ लागतात. महिनाभराची वर्तमानपत्रे तराजूत पडतात आणि त्यांच्याबरोबर जुनी लग्नपत्रिका, जत्रेचे हस्तपत्रक, गावातल्या शाळेची छापून आलेली बातमी हेही जाते. चार पैसे हाती येतात. घराचा थोडासा इतिहास मात्र दारातून निघून जातो. कात्रणवही ठेवायची ती यासाठी. हा छंद शाळकरी मुलांचा किंवा रिकामटेकड्यांचा, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. ज्या घरांत लिहून ठेवण्याची परंपरा नाही, त्या घरांनाच या वहीची अधिक गरज आहे.

लखनौच्या उत्तरेस, सीतापूरच्या रस्त्यावर, बख्शी का तालाब नावाचे गाव आहे. बख्शी म्हणजे सैन्याचा पगार वाटणारा अधिकारी. मराठ्यांच्या कारभारातही ‘बक्षी’ हा शब्द रूढ होता. अशाच एका बख्शीच्या तलावावरून गावाला हे नाव पडले. येथे हवाई दलाचा तळ आहे. पण दसऱ्याच्या सुमारास वर्तमानपत्रांत गावाचे नाव झळकते ते रामलीलेमुळे. 1972 साली सुरू झालेल्या या रामलीलेत राम-लक्ष्मणांच्या भूमिका मुसलमान तरुण करीत आले आहेत. बातमी येते, सोबत छायाचित्र येते आणि आठवडाभराने त्याच पानात कोणीतरी शेंगदाणे बांधून देतो. गावातील एखाद्या घरात ही कात्रणे वर्षवार चिकटवलेली असतील, तर कोणत्या साली राम कोण झाला, हे वही उघडून सांगता येईल. नसतील, तर वृद्धांच्या आठवणींवर विसंबावे लागेल. त्या आठवणी मोलाच्या खऱ्या. पण सांगणाऱ्याबरोबर त्या संपतात आणि दोन वृद्धांचे साल क्वचितच जुळते.

जपलेला कागद किती दूरवर बोलतो, याचे उदाहरण मराठीत आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे जुन्या कागदांच्या शोधात गावोगाव हिंडले. वाई येथे सापडलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे बावीस खंड झाले. पहिल्या खंडात पानिपतच्या मोहिमेतील पत्रे आहेत. अवधचा नवाब शुजाउद्दौला कोणाच्या बाजूस जाईल, ही चिंता त्या पत्रांत वाचावयास मिळते. अवधमधील राजकारणाची खबर कृष्णाकाठच्या दप्तरात शतकाहून अधिक काळ सुरक्षित राहिली, ती कोणी तरी कागद फेकला नाही म्हणून. ज्यांनी तो ठेवला, त्यांना आपण इतिहास जपत आहोत याची कल्पनाही नसेल.

छंदाची सुरुवात करण्यास विकत घेण्यासारखे फारसे काही नाही. बाजारात फिती, टिकल्या आणि रंगीत चिकटचित्रे यांनी सजवावयाच्या महागड्या वह्या मिळतात. त्यांत पान सुंदर दिसते. परंतु सजावटीच्या नादात पुष्कळदा तारीखच लिहावयाची राहते. जाड कागदाची, कोरी वही पुरेशी आहे. चिकटविण्यासाठी घरची खळ चालते. पुस्तकबांधणी करणारे खळीत किंचित मोरचूद घालतात, त्यामुळे कीड लागत नाही. मात्र ते विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. पारदर्शक चिकटपट्टी शक्यतो टाळावी, कारण काही वर्षांत तिचे पिवळे-तपकिरी डाग पडतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असल्याने ऊन आणि हवा लागून पिवळा पडतो व ठिसूळ होतो. म्हणून वही बंद कपाटात, कोरड्या जागी ठेवावी. दुकानातील यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावतीवरची अक्षरे उष्णतेने उमटलेली असतात. ती पुसट होत जातात, तेव्हा त्यांतील मजकूर शाईने उतरवून घेतलेला बरा.

हे सारे तंत्र झाले. वहीचे खरे मोल कात्रणाखालच्या ओळीत असते. वर्तमानपत्राचे नाव, तारीख, पान आणि हे का ठेवले याचे एक वाक्य. एवढे नसेल, तर कात्रण म्हणजे चिकटवलेली रद्दीच. हे एक वाक्य स्वतःचे असावे. बातमीतले उचललेले नसावे. उशिरा अक्षरओळख झालेल्या माणसाला तर या एका वाक्याइतका चांगला लेखनाभ्यास दुसरा नाही.

मोबाईलमध्ये हजारो छायाचित्रे मावतात, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मावतात हे खरे. पण त्या हजारांत नेमके हवे ते सापडत नाही आणि यंत्र बिघडले किंवा हरवले, की सारेच जाण्याचा धोका असतो. शिवाय ठेवण्यास जागा अमर्याद असली, की निवड करण्याची सवय सुटते. वहीचे पान लहान असते, म्हणून तेथे विचार करावा लागतो. एकाच घटनेच्या दोन वर्तमानपत्रांतील बातम्या समोरासमोर चिकटवाव्यात. एकात गर्दी मोठी असते, दुसऱ्यात थोडी. एकात पाहुण्यांची नावे आधी, दुसऱ्यात गावकऱ्यांची. हा फरक डोळ्यांत भरू लागला, की वाचक छापील प्रत्येक अक्षर खरे मानीनासा होतो. मनाला न रुचणारी बातमीही ठेवावी. केवळ गौरवाच्या बातम्यांची वही आरतीसंग्रहासारखी होते.

पहिल्या पानावर काय चिकटवावे, याविषयी नवशिक्यांची अकारण घालमेल होते. शिक्षण मध्येच सुटलेल्या आणि मुक्त विद्यालयात पुन्हा नाव घातलेल्या माणसाजवळ प्रवेशाची पावती तर असतेच. परीक्षा संपली, की ती खिशात चुरगळते किंवा धुण्यात भिजते. ती सपाट करून पहिल्या पानावर लावावी, आणि खाली तारीख घालून, शाळा कोणत्या वर्षी सुटली व पुन्हा जाण्यास घरातून कोणी सांगितले, तेवढे लिहावे.