तारखेच्या हट्टापायी
एप्रिल २०१८मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती एका शनिवार-रविवारी नव्या संगणक प्रणालीवर हलवली. माहिती नीट पोचली, प्रणालीच कोलमडली. लाखो लोकांना स्वतःच्याच खात्यातले पैसे दिसेनात. पुढे चौकशीत उघड झाले, की दोन डेटा सेंटरपैकी एकाचीच भारचाचणी झाली होती. मला यात प्रोग्रामरपेक्षा संचालक मंडळाचा दोष मोठा वाटतो. तारीख आधी ठरवायची आणि चाचण्या तिच्यात कोंबायच्या, ही रीत घातकच! काम एकदा लांबले, तेव्हाच ‘नवी तारीख कशाच्या आधारावर?’ असे खोदून विचारायला हवे होते. कारभार सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. २०२२मध्ये नियामकांनी सुमारे ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला.