माऊस नाही म्हणून काम अडत नाही



आमच्या भाचीला मागच्या पावसाळ्यात पुण्याच्या एका कंपनीचे घरबसल्या काम मिळाले. दूरच्या सर्व्हरवर जायचे, तिथल्या फायली उघडायच्या, चुका दुरुस्त करायच्या. एक महिना काम पाहू, मग पुढचे ठरवू, अशी बोली होती. संगणक जुना, दुसऱ्याने वापरून विकलेला. आठव्या दिवशी त्याचा टचपॅड बंद पडला. दुरुस्तीचा आकडा ऐकून आमच्या बहिणीने घरखर्चाचा हिशेब पुन्हा मांडला आणि ती गप्प बसली. आम्ही बाजारातून साधा माऊस आणून दिला. भाची म्हणाली, "मामा, हा फिरवू कुठं?"

प्रश्न खरा होता. कुर्डुवाडीच्या त्या एका खोलीत टेबल नाही. पोरगी भिंतीला टेकून, संगणक मांडीवर घेऊन काम करते. माऊसला सपाट जागा लागते आणि ती जागा आपल्यातल्या पुष्कळ घरांत नसते. म्हणून त्या महिन्यात ती जे शिकली, ते आज सांगावेसे वाटते. आपली मुले-मुली आता संगणकावर बसू लागली आहेत, त्यांच्या कामी येईल.

पडद्यावर हुकूम लिहून संगणकाकडून काम करून घेण्याच्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. तिथे बहुतेक काम बोटांनीच होते. माऊस आठवतो तो मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे ठेवताना. भाचीने सवयीने कंट्रोल आणि सी दाबले. टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ 'नक्कल कर' असा नसून 'चालू काम थांबव' असा आहे. अर्धा तास चाललेले काम मध्येच बंद पडले. दुसऱ्या दिवशी काम जपून ठेवावे म्हणून तिने कंट्रोल आणि एस दाबले, तर पडदाच गोठला. कंट्रोल आणि क्यू दाबले की तो पुन्हा चालू होतो, हे कळायच्या आधी तिने दोनदा संगणक बंद केला होता. "मला नाही जमायचं हे," असे म्हणून त्या रात्री ती न जेवता झोपली.

बऱ्याच टर्मिनलांत कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबले की नक्कल होते. पण आधी मजकूर निवडायचा तर पुन्हा माऊसच हवा. यातून वाट निघाली ती विम या प्रोग्रॅममुळे. विम म्हणजे मजकूर लिहिण्याचे व दुरुस्त करण्याचे साधन. ते फुकट मिळते. त्याचा पूर्वज व्हीआय हा बिल जॉय यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात लिहिला. त्यांच्यापुढच्या यंत्राला माऊस नव्हता. बाण एच, जे, के, एल या अक्षरांच्या बटणांवरच छापलेले होते. आजही विममध्ये याच चार बटणांनी डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जाता येते. पुढे नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी विम तयार करून १९९१ साली लोकांना दिला. पैसे द्यायचेच असतील तर युगांडातल्या गरजू मुलांसाठी द्या, अशी त्यांची विनंती असे. २०२३ साली ते वारले, पण विम चालू आहे.

विममध्ये व्ही दाबून निवड सुरू करायची, बाणांच्या बटणांनी हवे तिथपर्यंत जायचे, वाय दाबले की मजकूर उचलला जातो, पी दाबले की ठेवला जातो. पूर्ण ओळ हवी तर वाय दोनदा. मात्र उचललेला मजकूर विमच्या बाहेर, पत्रात किंवा दुसऱ्या खिडकीत, उतरत नव्हता. भाची इथेच अडली.

कुर्डुवाडीच्या जुन्या माणसांना ही अडचण लगेच समजेल. १८९७ साली इथून बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, तर मुंबई-सोलापूर लाइनीचे साडेपाच फूट. एकीचा डबा दुसरीवर चालायचा नाही. म्हणून माल इथे उतरवायचा आणि दुसऱ्या गाडीत भरायचा. किती हमालांच्या पाठी त्यात वाकल्या! लातूरकडची लाइन २००८ साली पूर्ण मोठी झाली, तेव्हा त्या बाजूचा हा चढ-उतार संपला. संगणकातही तसेच आहे. विमचे स्वतःचे गोदाम वेगळे आणि संगणकाचे सामायिक गोदाम वेगळे. दोन्ही एकाच रुळावर आणावी लागतात.

त्यासाठी विमची एक फाईल असते, विमआरसी नावाची. ती आपल्या घर-फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिच्या नावाच्या आधी टिंब द्यायचे. तिच्यात इंग्रजी अक्षरांत एक ओळ लिहायची: सेट क्लिपबोर्ड=अननेम्डप्लस. लिनक्सवर एवढ्याने दोन्ही गोदामे जोडली जातात. न जोडली गेल्यास विमच्या व्हर्जनच्या माहितीत क्लिपबोर्ड या शब्दाआधी अधिक आहे की उणे, ते पाहावे. उणे असेल तर उबुंटूवर विम-जीटीके३ हे पॅकेज घालावे. एक सावधगिरी ठेवा. डी दोनदा दाबून ओळ खोडली की तीही त्याच गोदामात जाते आणि आधी उचललेला माल पुसला जातो.

टर्मिनलमधला मजकूर उचलायचा तर टर्मिनल विमच्या आतच उघडावे. २०१८ सालच्या ८.१ आवृत्तीपासून ही सोय आहे. अपूर्णविराम देऊन टर्मिनल असे लिहिले की खिडकी उघडते. तिथून सर्व्हरवर जायचे. मजकूर हवा तेव्हा कंट्रोल आणि डब्ल्यू, मग मोठा एन. आता तो पडदा साध्या पानासारखा होतो. फिरा, निवडा, वाय दाबा. आय दाबले की पुन्हा काम सुरू. सर्व्हरवर उघडलेल्या विमला आपल्या घरच्या संगणकाचे गोदाम दिसत नाही, म्हणून उचलणे आपल्याच विममधून करावे. मराठी टायपिंग चालू असेल तर आधी इंग्रजीवर यावे. नाहीतर इनस्क्रिप्टमध्ये वायच्या जागी ब जातो आणि विमला तो हुकूम कळत नाही.

भाचीच्या त्या फाईलमध्ये आता अकरा ओळी आहेत. एकेक ओळ एकेका अडचणीतून आली आहे. पेन ड्राइव्हवर ती फाईल घेऊन ती कुठल्याही यंत्रावर बसू शकते. महिना संपला, काम पुढे चालू राहिले. पहिल्या पगारातून तिने टचपॅड दुरुस्त केला नाही, आईचा चष्मा केला.

पालकांना आमची एकच विनंती आहे. यंत्र जुने आहे म्हणून पोरांना उठवू नका. आणि शिकणाऱ्यांनी एका दिवशी एकच बटण शिकावे. आज वाय, उद्या पी.